एकाच बाटलीतलं अर्धं अर्धं

१४ नोव्हेंबर १९९५

डॉ. बेरेन्ड्सबाई म्हणाल्या, ओन्नोचा ताप, वजन, खाणं रोज लिहून ठेवत जा. वहीसाठी कपाट उघडलं तर बाळंतपणांची जुनी नोंदवही हाती लागली. अर्धी कोरीच आहे. सुईणपण सोडून मला नऊ वर्षं झाली. आधीच्या पानांवर गावातली निम्मी पोरं जन्मली आहेत, उरलेल्या पानांवर आता माझा मुलगा.

ताप ३७.९. वजन ५८. बटाटे खाल्ले, मासा तसाच टाकला.

एवढंच लिहायचं होतं, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते. माझ्या दोन्ही मुलांना हिमोफिलिया आहे, त्यांचं रक्त गोठत नाही. हे दुखणं आईकडून मुलाकडे येतं. बाई नुसती वाहते, भोगतो तो मुलगा. माझा भाऊ फोको अकरा वर्षांचा असताना गोठलेल्या कालव्यावर पडला, वरून ओरखडासुद्धा नव्हता, आणि पोटातल्या पोटात रक्त वाहून तिसऱ्या दिवशी गेला. हे डोळ्यांनी पाहूनही मी लग्न केलं. ओन्नो झाला. तीन वर्षांनी त्यार्क झाला, आणि त्या वेळी तर मला पक्कं ठाऊक होतं. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

१६ नोव्हेंबर

ताप ३८.१. वजन तेवढंच.

परवाचं वाचलं. अर्धवट लिहिलं तर खोटं होईल, म्हणून पुढचं लिहिते.

चौऱ्याहत्तर साली फॅक्टर आला, रक्त गोठवणारं औषध. छोटी बाटली, तळाशी पांढरी पूड. पाणी घालून हलक्या हाताने फिरवायची, हलवायची नाही, फेस येतो. मग शिरेत. मी सुईण, म्हणून मला घरीच द्यायला शिकवलं. ओन्नो तेव्हा पंधराचा. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना. पहिली बाटली दिली आणि तासाभरात त्याने पाय लांब केला. म्हणाला, "आई, भूक लागली." मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. इतकी बाळंतपणं केली, पण त्या दिवसासारखं काही पाहिलं नव्हतं.

त्या पुडीत हजारो अनोळखी माणसांचं रक्त एकत्र केलेलं असे. त्यांतल्या कुणाकुणाच्या रक्तात काय होतं, ते आम्हाला पंच्याऐंशी साली कळलं. ओन्नोला एचआयव्ही निघाला. त्यार्कला नाही. फॅक्टर एकच, फ्रिज एकच, टेबल एकच, हात माझेच. कितीदा तरी मी एकाच बाटलीतलं अर्धं अर्धं दोघांना दिलं आहे. त्यार्कची तपासणी अकरा वेळा केली. प्रयोगशाळेला वाटलं, नळ्या बदलल्या असणार. नव्हत्या बदलल्या.

२० नोव्हेंबर

ब्रेमेनच्या हिमोफिलिया केंद्रात जाऊन आलो. विषाणू ज्यांना संपवतो त्या रक्षक पेशींचा आकडा एकशे दहा. शहाऐंशीत सहाशे वीस होता, एक्क्याण्णवात तीनशे. त्या साली डॉक्टरांनी विचारलं होतं, नवा फॅक्टर आला आहे, जास्त शुद्ध केलेला, घ्याल का? जुन्यात परक्या रक्ताचा बराच गाळ राहतो, तो रक्षक पेशींना दमवतो की काय, हे त्यांना बघायचं होतं. चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना नवा, अर्ध्यांना जुना. ओन्नोच्या चिठ्ठीत नवा निघाला. तेव्हापासून घसरण मंदावली आहे, पण थांबलेली नाही.

ओन्नोच्या वयाची नऊ मुलं दर उन्हाळ्यात केंद्राच्या शिबिराला जायची. नवांनाही लागण झाली. सहा गेली.

"तुमचा मुलगा फार हळू उतरतोय, ताम्मेनबाई," डॉक्टर म्हणाल्या. "नव्या फॅक्टरमुळे की आणखी कशामुळे, मला कळत नाही. कळतंय असं म्हणणार नाही."

मला ही बाई आवडते.

हिल्को आला नाही. समुद्राच्या बांधातल्या पाण्याच्या दरवाज्याचं बिजागर वाजतंय म्हणाला. दरवाजा सांभाळायचं काम आता त्याच्याकडे नाही, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. वीस वर्षांत माझा नवरा एकदाही त्या इमारतीत शिरलेला नाही. मी समजून आहे. त्याची आई एकदा जेवताना म्हणाली होती, "आमच्या घराण्यात असलं रक्त नव्हतं." तेव्हा तो गप्प राहिला होता. अजून गप्पच आहे.

३ डिसेंबर

आज नाताळाआधीची पहिली मेणबत्ती लावायचा रविवार. त्यार्क ओल्डेनबुर्गहून आला. शाळेत गणित शिकवतो, वर्षातून चारदा घरी येतो. कोपर सुजलं होतं. आल्या आल्या मी बाटली काढली. ओन्नोलाही द्यायचा दिवस होता, म्हणून दोघे टेबलापाशी समोरासमोर बाह्या वर करून बसले, लहानपणी बसायचे तसेच.

"आधी साहेबांना दे," ओन्नो म्हणाला. "ते पाहुणे."

"तुझी शीर तरी सापडते का आता? काडी झालास नुसती."

"माझी शीर सोड. तुझं काय ते बघ. तिशी ओलांडलीस, एक बायको नाही. विषाणूनेही तुला नापसंत केलं."

मी दचकले. त्यार्कचा चेहरा पडला, आणि मग तो असा हसला की सुई हलली. ओन्नोही हसत सुटला. हिल्को तेवढ्यात चहा घेऊन येत होता. सुई दिसताच दारातूनच वळला, ट्रे बाहेर बाकावर ठेवला आणि अंगणात निघून गेला. चहा बर्फ झाला. मुलं हसत असताना घटकाभर बसायचंही होत नाही माणसाला.

९ जानेवारी १९९६

फॅक्टरच्या जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक बाटलीचा क्रमांक, तारीख, कुणाला किती, सगळं मी लिहून ठेवलेलं आहे. ऐंशी ते चौऱ्याऐंशी, एकेक ओळ पाहिली. ओन्नोला मिळाली आणि त्यार्कला मिळाली नाही, अशी बाटली शोधत होते. ती सापडली असती तर निदान कळलं असतं की त्या दिवशी माझ्या हाताने अमुक बाटली उचलली.

तशा चार सापडल्या. पण ज्या खेपेत विषाणू होता असं नंतर कळवण्यात आलं, त्या खेपेच्या सात बाटल्या दोघांनाही दिलेल्या आहेत. त्यार्कला थोडं जास्तच. त्या वर्षी त्याच्या घोट्याचं फार चाललं होतं.

म्हणजे विषाणू त्याच्याही अंगात गेला होता. सात वेळा. मग गेला कुठे?

१ फेब्रुवारी

ताप ३९.६. खोकला. ओठ निळसर. रुग्णवाहिका बोलावली. न्युमोनिया.

४ फेब्रुवारी

नळ्या. बोलत नाही. वजन केलं नाही.

१७ फेब्रुवारी

आज त्याने दोन चमचे सूप घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, "वाचला." मी त्यांचा हात धरला आणि सोडायचं विसरून गेले.

बाहेर आले तर थंडीने डोळ्यांत पाणी आलं. नद्या गोठल्या आहेत, समुद्रसुद्धा काठापासून दूरवर पांढरा आहे. गाडीत हिल्को बसलेला. सोळा दिवस रोज त्याने मला इथवर आणलंय, आणि सोळा दिवस रोज तो गाडीत बसून राहिलाय. गाडी बंद, हीटर बंद. काचेवर आतून बर्फ धरलं होतं, त्यात नखाने एक गोल खरवडून ठेवलेला. त्या गोलातून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात.

मी म्हटलं, "वर ये ना. तुझाच मुलगा आहे."

"इथे बरा आहे मी," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

मी दार आपटून आत बसले.

४ मे

वजन ५४. ताप नाही. बागेत खुर्ची टाकून बसतो. हवेचा दाब दाखवणारी जुनी यंत्रं दुरुस्तीला आली आहेत, मांडीवर घेऊन एखादं उघडतो.

डॉ. बेरेन्ड्सबाईंचा फोन. परदेशातली एक प्रयोगशाळा अशी माणसं शोधते आहे, ज्यांच्या अंगात विषाणू नक्की गेला पण ज्यांना लागण झाली नाही. त्यार्कचं रक्त हवं आहे. ओन्नोचंही, ताडून पाहायला.

मी त्यार्कला फोन केला. तो म्हणाला, "नाही."

"दोन नळ्या तर द्यायच्या."

"आई, मी त्या शिबिरातल्या सातही मुलांच्या दफनाला गेलोय, गेल्या महिन्यात गेर्डच्या. प्रत्येक वेळी त्यांच्या आया माझ्याकडे बघतात. वाईट नजरेने नाही, पण बघतात. आता मी नळीत बसून जगाला दाखवू, की बघा, हा राहिला?"



१९ मे

त्यार्क आला होता. दोघांचं भांडण झालं. मी खिडकीशी वाटाणे सोलत होते, मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटत होतं.

ओन्नो म्हणाला, "तुला लाज कसली वाटते रे? वाचल्याची?"

"हो. वाटते."

"मग माझ्याकडे बघ. मी मरायला टेकलोय, मला नाही वाटत लाज. आणि तू घोड्यासारखा हिंडतोस आणि तुला वाटते. हे कुठलं गणित?"

"तू मरणार नाहीस."

"गाढवा, खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही. ऐक. अकरा वर्षं रोज सकाळी मी उठतो आणि एकच गोष्ट डोक्यात येते. तू का नाही? राग नाही. कुतूहल. देवाशप्पथ, नुसतं कुतूहल. ते कळल्याशिवाय मला जायला लावू नकोस."

मग त्यार्क म्हणाला, "किती नळ्या?"

"दोन. तीन मागितल्या तर घासाघीस कर."

माझ्या मांडीवर अर्धे वाटाणे आणि अर्धी सालं होती, आणि मी सालंच भांड्यात टाकत होते.

१९ जुलै

कॅनडात डॉक्टरांची मोठी परिषद झाली. वर्तमानपत्रात आलं आहे की तीन औषधं एकत्र दिली तर रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही. बेकरीतली बाई ते वाचून म्हणाली, "आता त्या लोकांचं बरं होईल." मी म्हटलं, "होय." आणि पाव न घेताच बाहेर आले. ओन्नोचं गावात कुणाला माहीत नाही.

मी विश्वास ठेवणार नाही. असं अकरा वर्षांत चारदा वाचलं आहे.

१२ ऑगस्ट

ओन्नोला ती तीन औषधं मिळाली. एक अजून दुकानात यायचं आहे, पण अगदी खालावलेल्यांना आधी देत आहेत. रक्षक पेशी आता एकोणचाळीस. आकडा माझ्या वयापेक्षा खाली गेला.

एक गोळी दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर तांब्याभर पाणी. हिल्कोने स्वयंपाकघरात पाटी टांगली आहे, भरती-ओहोटीच्या वेळा लिहायचा तशी. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. पाच मिनिटं आधीच पेला भरून उभा असतो. गोळी हा त्याच्यापुरता सोपा प्रकार दिसतो.

३० ऑगस्ट

ब्रेमेनमध्ये जिन्यावर गेर्डची आई भेटली. गेर्ड शिबिरातल्या नवांतला सातवा. एप्रिलमध्ये गेला. ती त्याची उरलेली औषधं परत करायला आली होती. ओन्नोला नवीन गोळ्या मिळाल्याचं तिला कळलं होतं.

"उपयोग होतोय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "अजून काही कळत नाही." ते खोटं होतं. तीन आठवड्यांत ओन्नोचं वजन तीन किलो वाढलं होतं.

तिने माझ्या गालाला हात लावला. म्हणाली, "थेडा, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. होऊ दे उपयोग. कुणाला तरी होऊ दे." आणि जिना उतरून गेली.

चार महिने. फक्त चार महिन्यांचं अंतर. मी तिथेच पायरीवर बसले. ही कसली चाळणी आहे आणि ती कोण हलवतं?

९ सप्टेंबर

वजन ५९. पण आज सकाळी उठला तर दोन्ही हातांच्या पाठी काळ्यानिळ्या. कुठे आपटला नाही, काही उचललं नाही. दुपारपर्यंत गुडघा सुजला. फॅक्टर दिला, रोजच्याएवढाच. थांबेना.

११ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाल्या, आणखी तीन-चार जणांचं असंच झालं आहे, इतर देशांतूनही पत्रं आली आहेत. नव्या गोळ्यांनी हिमोफिलियावाल्यांना आपोआप रक्तस्राव होतो. का, ते कुणाला माहीत नाही.

"दोन वाटा आहेत," त्या म्हणाल्या. "गोळ्या थांबवायच्या. किंवा फॅक्टर दुप्पट करायचा आणि गोळ्या चालू ठेवायच्या. डोक्यात रक्तस्राव झाला तर मात्र..."

पुन्हा तेच. एक जे वाचवतं ते दुसऱ्या दाराने मारतं, आणि पुन्हा सुई माझ्याच हातात. मी म्हटलं, "थांबवा."

"आई," ओन्नो म्हणाला, "तुला कुणी विचारलं?"

"मी एकदा दिलं आहे तुला. माझ्या हाताने. पुन्हा नाही देणार."

अकरा वर्षांत जे तोंडून निघालं नव्हतं ते असं निघालं, डॉक्टरांसमोर, कोट अंगात असतानाच.

ओन्नोने माझ्याकडे पाहिलं. मग सुजलेला पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे वळवला. "हा बघ. ती बाटली नसती तर मी फोकोमामासारखा कधीच गेलो असतो. मी बोटीवर काम केलं, नाचलो, माझी मैत्रीण होती, तिने मला सोडलं, मी दारू पिऊन रडलो. हे सगळं त्या बाटलीतलं आहे. विषाणू त्याच बाटलीत होता, तर होता. तू मला दोन्ही दिलंस. मला चालतं. आता दुप्पट दे."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या.

मी दुप्पट दिलं.

१५ सप्टेंबर

हात पिवळे पडले, म्हणजे जुनं रक्त विरतंय. नवीन डाग नाही. गुडघा अर्ध्यावर. गोळ्या चालू.

२ ऑक्टोबर

आज काय लिहू आणि कसं लिहू?

डॉ. बेरेन्ड्सबाईंनी आम्हा तिघांना बसवलं. मी, ओन्नो, त्यार्क. (हिल्को गाडीत.) हातात एक कागद होता, तो त्या पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या.

"विषाणूला पेशीत शिरायला दाराला एक कडी लागते," त्या म्हणाल्या. "ती धरून तो आत येतो. कडी असते हे आत्ता या वर्षी कळलं. त्यार्क, तुमच्या पेशींवर ती कडीच नाही."

"पडली?" त्यार्कने विचारलं.

"कधी नव्हतीच. तुम्ही पोटात होतात तेव्हापासून नाही."

मी हजारावर बाळं हातांत घेतली. प्रत्येकाची बोटं मोजली, टाळू चाचपला, जीभ पाहिली. त्यार्कचीही मोजली होती, वीस. आणि एवढी मोठी गोष्ट त्याच्या कणाकणावर तेव्हाच होती, सात वेळा मरण त्याच्या दाराशी येऊन चाचपडून परत गेलं, आणि मी वह्या तपासत होते.

"आणि मी?" ओन्नोने विचारलं.

"तुमच्याकडे अर्ध्या कड्या आहेत, असं समजा. विषाणू शिरला, पण त्याला फार वेळ लागला. अशी माणसं दोन-चार वर्षं जास्त टिकतात. तुम्ही ऑगस्टपर्यंत का पोचलात, त्याचं हे एक कारण असू शकेल. शुद्ध फॅक्टर हेही असेल. वेगळं करून दाखवता येणार नाही मला."

त्यार्क रडत होता. ओन्नो त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "कडी नसलेल्या माणसा, अरे, म्हणून कुठलीच पोरगी तुझ्या घरात शिरू शकली नाही."

मी विचारलं, "हे येतं कुठून?"

"आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. त्यार्कला दोन्ही मिळाल्या. म्हणजे तुमच्याकडे एक असणार आणि त्यांच्याकडे एक." त्यांनी कागद खाली ठेवला. "खात्रीसाठी दोघांचंही रक्त लागेल."

माझ्या रक्तात. मी ते दोनदा विचारलं. होय म्हणाल्या, तुमच्या रक्तात.

९ ऑक्टोबर

हिल्कोला सांगून आठवडा झाला. तो 'बरं' म्हणाला आणि अंगणात गेला. आज मुलांनीच त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. दारात वास आला तसा तो पांढरा पडला. परिचारिकेने दंडाला पट्टा बांधला, सुईचं कागदी वेष्टन फाडलं, आणि माझा नवरा, ज्याने वादळात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दरवाजा ओढला होता, खुर्चीवरून सरळ खाली.

शुद्धीवर आला तेव्हा डोकं माझ्या मांडीवर होतं.

"नेहमी असंच होतं का यांना?" परिचारिकेने विचारलं.

"लहानपणापासून," हिल्को म्हणाला. "सुई बघितली, रक्त बघितलं की."

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज त्यांना टोचायचीस. दोन-दोन पोरांना. आणि मी नुसतं बघूही शकत नव्हतो. कुठल्या तोंडाने सांगू?"

अडतीस वर्षं मी या माणसाबरोबर चहा पितेय.

त्याने पडल्या पडल्या हात पुढे केला. "घ्या. मी वर छताकडे बघतो."

२१ नोव्हेंबर

दोन्ही निकाल आले.

ओन्नोच्या रक्तात विषाणू मोजता आला नाही. रक्षक पेशी दोनशे चार. डॉक्टर म्हणाल्या, "बरा झाला असं म्हणू नका. झोपलाय तो, गेलेला नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत." नाही म्हणणार. पण मी तो कागद हातात धरून बसले. जिथे आकडा असतो तिथे आडवी रेघ होती.

दुसरा निकाल: माझ्याकडे एक प्रत. हिल्कोकडे एक.

तो या खेपेला आपण होऊन वर आला होता, सुया ठेवतात त्या टेबलाकडे पाठ करून बसला होता. कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, "म्हणजे माझंही काही आहे पोरांत."

"म्हणजे?" मी विचारलं.

"दुखणं आलं ते तुझ्याकडून, औषध दिलंस ते तू. मला वाटायचं, मी नुसता भाडेकरू."

आणि मी सगळी वर्षं समजत होते की तो मला दोष देतोय!

गाडीत बसल्यावर मला आठवलं, विचारायचं राहिलंच. मी पुन्हा तीन मजले चढून गेले. "डॉक्टर, ओन्नोकडे जी एक प्रत आहे ती कुणाची? माझी की त्याची?"

त्या हसल्या. "दोन्ही अगदी सारख्या आहेत, ताम्मेनबाई. कधीच कळणार नाही."

खाली येऊन हिल्कोला सांगितलं. त्याने गाडी चालू केली. लेअरचा पूल आला. मग म्हणाला, "तुझीच असणार."

"तुझी," मी म्हटलं.

"हट्टी तुझ्यावर गेलाय."

"आणि सावकाश चालतो तो कुणावर? ती तुझीच."

ओन्नो मागच्या सीटवर होता. म्हणाला, "भांडा, भांडा. घर यायला अजून तासभर आहे."

१८ फेब्रुवारी १९९७

वजन ६७. रक्षक पेशी दोनशे नव्वद. दुप्पट फॅक्टर अजून चालू, डाग आठवड्याला एखादा.

कधी एखादी गोळी गिळताना बघते आणि मला गेर्डची आई आठवते. ते जाणार नाही. जाऊही नये.

आज मात्र वेगळंच. ओन्नोला दंतवैद्याकडे नेलं. सहा वर्षांत त्याने तोंड दाखवलं नव्हतं. दाढ दुखली की म्हणायचा, हिच्या आधी मीच पडणार आहे, कशाला उगीच? काल जेवताना स्वतःहून म्हणाला, "वेळ घे."

म्हाताऱ्या दंतवैद्याने आरशाने सगळं पाहिलं. दोन काढायचे, चार भरायचे, खालचे सरळ करायचे. प्रत्येक वेळी आधी फॅक्टर, मधे विश्रांती. त्याने कागदावर हिशेब मांडला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ताम्मेनसाहेब, घाईचं काम नाही हे. नीट करायचं तर अडीच वर्षं लागतील."

ओन्नोचं तोंड कापसाने भरलं होतं. त्याने तो बाहेर काढला.

"लागू देत," तो म्हणाला. "सरळच करा."